पार्श्वभूमी: घरचे पुल्ड पोर्क आणि ७० टक्क्यांचा नियम

घरच्या ओव्हनमध्ये किंवा स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) शिजवलेल्या पुल्ड पोर्कला, म्हणजे मऊ शिजवून धाग्याधाग्याने सोडवलेल्या डुकराच्या मांसाला, 'बार्बेक्यू' म्हणावे की नाही, हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतला जुना वाद आहे. त्यात विक्रीच्या मांसावर 'बार्बेक्यू' असे लेबल कधी लावावे हे ठरवणाऱ्या ज्या केंद्रीय नियमाचा दाखला हमखास दिला जातो, तो मुळात घरच्या स्वयंपाकासाठी लिहिलेलाच नाही.

डुक्कर हा अमेरिकेतला मूळचा प्राणी नव्हे. १४९३ मध्ये कोलंबसच्या दुसऱ्या सफरीबरोबर तो कॅरिबियन बेटांवर उतरला आणि १५३९ मध्ये एका स्पॅनिश मोहिमेबरोबर फ्लोरिडात आला. 'बार्बेक्यू' हा शब्द त्याच बेटांवरच्या मूलनिवासींच्या बोलीतून स्पॅनिशमार्गे आला; आरंभी तो पदार्थाचे नव्हे, तर काठ्या बांधून उभारलेल्या माच्याचे नाव होता. पुढे दक्षिणेत जमिनीत चर खणून हिकरी किंवा ओक या झाडांच्या कठीण लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर अख्खे डुक्कर भाजण्याची रीत रुजली. ते चर खणणारे आणि निखारे राखणारे हात मोठ्या प्रमाणावर गुलामगिरीत जखडलेल्या कृष्णवर्णीयांचे होते, याचा उल्लेख आजही ओझरताच होतो.

घरच्या चुलीशी खरा संबंध जुळतो तो नॉर्थ कॅरोलायनात. तिथल्या पूर्व भागाने अख्खे डुक्कर आणि व्हिनेगर-मिरचीचा पातळ सॉस सोडला नाही; लेक्सिंग्टनच्या परिसरात मात्र केवळ खांदे भाजून त्यांवर थोडे केचप घातलेले व्हिनेगर शिंपडण्याची पद्धत पडली. एकटा खांदा पुरतो हे मान्य झाल्यावर हा पदार्थ एका कुटुंबाच्या भांड्यात मावू लागला. खांदा स्वस्त असतो, कारण सतत राबणाऱ्या या स्नायूत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असते आणि घाईने शिजवल्यास तो चावला जात नाही. त्याच्या वरच्या भागाला 'बॉस्टन बट' म्हणतात. इंग्रजीत 'बट' म्हणजे पार्श्वभागही होतो; हे मांस मागच्या भागाचे नसूनही नावामुळे गैरसमज होत असल्याने २०१३ मध्ये किरकोळ विक्रीसाठी 'बॉस्टन रोस्ट' हे नाव सुचवले गेले, पण लोकांच्या तोंडी 'बट' टिकून आहे.

आता त्या नियमाकडे. केंद्रीय मांस-तपासणी नियमांनुसार 'बार्बेक्यू' असे लेबल लावायचे मांस कठीण लाकडाच्या आगीच्या किंवा त्याच्याच निखाऱ्यांच्या थेट कोरड्या उष्णतेवर शिजलेले असावे, त्यावर तपकिरी साल धरलेली असावी, पृष्ठभागावरची चरबी वितळलेली असावी आणि त्याचे वजन कच्च्या मांसाच्या ७० टक्क्यांहून अधिक भरता कामा नये. वादात हा ७० चा आकडा बहुधा उलटा वाचला जातो. तो किमान उताऱ्याचा नसून कमाल मर्यादेचा आहे: ८ पौंडांच्या खांद्यातून ५.६ पौंडांहून अधिक माल निघाला, तर तो पुरेसा आटलेला नाही आणि ग्राहकाला मांसाच्या भावात पाणी विकले जाते आहे, असा त्याचा व्यवहारी अर्थ होतो. घरचा खांदा या कसोटीवर सहज उतरतो. हाड, चरबी आणि रस वेगळे काढल्यावर हाती जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक मांस उरते. झाकण न लावता मंद ओव्हनमध्ये ठेवलेल्या खांद्यावर सालही उत्तम धरते आणि तिथली उष्णताही कोरडीच असते. म्हणजे ओव्हन अडतो तो लाकडापाशी, आणि स्लो कुकर लाकूड, कोरडी उष्णता आणि साल या तिन्ही ठिकाणी. 'पुल्ड' या शब्दाविषयी नियमाचा हा भाग काहीच सांगत नाही. तो शब्द मांस कसे सोडवले ते सांगतो, कशावर शिजवले ते नाही. त्यामुळे घरच्या पदार्थाला 'पुल्ड पोर्क' म्हणण्याला हरकत घेणे प्रस्तुत लेखकाला निरर्थक वाटते.

स्लो कुकरचा मूळ आराखडा १९४० च्या पेटंटातला, आणि तो प्रामुख्याने कडधान्ये शिजवण्यासाठी होता. १९७१ मध्ये तो नव्या नावाने बाजारात आला, तेव्हा दिवसभर नोकरी करणाऱ्या गृहिणींना सकाळी भांडे लावून संध्याकाळी जेवण मिळण्याची सोय झाली. धुराची उणीव भरणारा द्रवरूप धूर, म्हणजे लाकडाच्या धुराचा अर्क, त्याआधीच, १८९५ पासून, बाटलीत मिळत होता. तो थेंबांनीच घालावा, अन्यथा सगळे मांस औषधासारखे लागते. २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठीचे सुरक्षित तापमान १६० वरून १४५ अंश फॅरनहाइटवर आणि वर ३ मिनिटांच्या विश्रांतीवर आणले गेले, तेव्हा नव्याने शिकणाऱ्यांचा गोंधळ उडाला. १४५ अंशांवरचा खांदा खाण्यास सुरक्षित असतो, पण त्याचे धागे सुटत नाहीत. त्यासाठी १९५ ते २०५ अंश गाठावे लागतात, म्हणजे कोलॅजन विरघळून जिलेटिन होते आणि खांद्याचे चपटे हाड धरून ओढताच कोरडे, स्वच्छ बाहेर येते.

भांड्याच्या तळाशी साठलेला रस मात्र अनेक जण ओतून देतात. वरची चरबी काढून तो निम्म्यावर आटवला, त्यात व्हिनेगर आणि कुटलेली लाल मिरची घातली आणि सोडवलेल्या धाग्यांवर थोडा थोडा परत जिरवला, तर वेगळा सॉस विकत आणावा लागत नाही.