ई-बुकला कुलूप लावलं की पायरसी थांबते?

लेखक-प्रकाशकांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा समज: ‘ई-बुकला डीआरएम (डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) लावलं की त्याची कॉपी निघूच शकत नाही.’

तसं होत नाही. डीआरएममध्ये फाइल कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असते. पण वाचकाला मजकूर दिसायचा तर ती उलगडणारी किल्ली त्याच्याच फोनमध्ये किंवा रीडरमध्ये द्यावी लागते. स्क्रीनशॉट बंद केला तरी दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो निघतोच. आणि कुलूप एकाने तोडलं तरी पुरतं, कारण पुढे फिरते ती उघडी प्रत.

पडताळायचं असेल, तर ग्रुपवर आलेली एखाद्या मराठी पुस्तकाची पीडीएफ नीट बघा. तिरकी पानं, शिवणीपाशी काळी सावली, कधी कोपऱ्यात अंगठा दिसला, तर ती छापील प्रतीवरून स्कॅन केलेली आहे. तिथे ई-बुकच्या कुलुपाचा संबंधच येत नाही.

सहज होणारं फॉरवर्डिंग मात्र डीआरएम अडवतं, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण त्याचा जाच पैसे मोजणाऱ्यालाच होतो: विकत घेतलेलं पुस्तक दुसऱ्या ॲपमध्ये उघडत नाही. गाणी विकणाऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानांनी तर २००९ पर्यंत अशी कुलुपं काढूनही टाकली. ई-बुकसाठीही खरेदीदाराची खूण उमटवलेली, बिनकुलुपाची प्रत देता येते. मला तीच वाचकाचा मान राखणारी वाटते.