‘छावा’चं कौतुक आणि शंभूराजांची जुनी बाकी

१४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ लागला तेव्हा चित्रपट हिंदी आहे याचं बेळगावात कुणाला काही वाटलं नाही. शहापूर, वडगाव, अनगोळची माणसं घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन थिएटरात गेली आणि डोळे पुसत बाहेर आली. शेवटच्या अर्ध्या तासाचं कौतुक रास्तच आहे. विकी कौशलने शंभूराजांच्या कैदेतल्या यातना जीव ओतून उभ्या केल्यात. अक्षय खन्नाचा थकलेला, हळू बोलणारा औरंगजेब तर मनातून जात नाही. पण त्याआधीचे दोन तास? लढाईमागून लढाई, गर्जनेमागून गर्जना. माझ्या मते चित्रपट या कौतुकाला निम्माच उतरतो. बाकीचं कौतुक खऱ्या शंभूराजांच्या वाट्याचं आहे आणि ते द्यायला आपण मराठी माणसांनी फार उशीर केला.

हा उशीर का झाला, ते समजून घ्यायला बखरीपर्यंत मागे जावं लागतं. मल्हार रामराव चिटणीसाने बखर लिहिली ती राजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी. हा चिटणीस शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशातला आणि बाळाजींना कटाच्या आरोपावरून १६८१ मध्ये संभाजीराजांनीच मृत्युदंड दिला होता. त्या घराचं दुःख खोटं नव्हतं. पण त्या दुःखातून रंगवलेला व्यसनी, उतावळा, रागीट राजा पुढे इतिहास म्हणून चालला. रंगभूमीने त्यावर आणखी रंग चढवला. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यांचं ‘राजसंन्यास’ अपुरंच राहिलं, पण त्यातला विलासी संभाजी पिढ्यान् पिढ्यांच्या डोक्यात बसला. पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा २०१७ मध्ये उखडून टाकला गेला, तो याच रागातून. पुतळा फोडणं मला मान्य नाही, पण तो राग कुठून आला ते कळतं.

हे चित्र बदललं ते कागदपत्रांत वर्षानुवर्षं मान घालून बसलेल्या माणसांमुळे. वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र १९६० मध्ये आलं, डॉ. कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये. मुघल, पोर्तुगीज, इंग्रज साधनं मराठी कागदांशी ताडून पाहिल्यावर एक वेगळाच राजा समोर आला : संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा, नऊ वर्षांच्या कारकिर्दीत जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि औरंगजेब या तिघांशी झुंजणारा. मग १९७९ मध्ये शिवाजी सावंतांनी ‘छावा’ लिहिली. सावंत आजऱ्याचे, म्हणजे आम्हा सीमाभागातल्या लोकांच्या शेजारचेच. चित्रपट याच कादंबरीवर बेतलेला आहे, ही गोष्ट त्याचं मोजमाप करताना विसरून चालत नाही. कादंबरीकाराने भरलेल्या जागांवर पटकथेने आणखी भर घातली आहे. सुरुवातीची बुऱ्हाणपूरची चढाईच बघा. राज्याभिषेक रायगडावर १६ जानेवारी १६८१ ला झाला आणि बुऱ्हाणपूर लुटलं गेलं त्याच महिन्याच्या अखेरीस. एवढ्या दूर, एवढ्या थोड्या दिवसांत राजे स्वतः तिथे तलवार घेऊन असतील, हे पटणं अवघड आहे. ती कामगिरी सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची मानली जाते.

मला खरी चुटपुट लागली ती गाळलेल्या भागाची, कारण तो आमच्या मुलखातून गेलेला आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या व्हाइसरॉयने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. राजे स्वतः धावून आले आणि पोर्तुगीजांना मागे हटावं लागलं. त्याच महिन्यात मराठ्यांनी रात्रीच्या अंधारात गोव्यातलं जुवे बेट घेतलं. खाडीच्या पाण्यात राजांचा घोडा वाहू लागला तेव्हा खंडो बल्लाळाने उडी घालून त्यांना वाचवलं, असं सांगतात. हा खंडो बल्लाळ मृत्युदंड झालेल्या बाळाजी आवजींचा मुलगा! बापाला देहान्त देणाऱ्या राजासाठी पाण्यात उडी घेणारा हा माणूस, आणि त्याच घराण्यात पुढे बखर लिहिणारा मल्हार रामराव. याहून मोठं नाट्य पटकथाकाराला आणखी कुठे मिळणार होतं? तिकडे हवालदिल व्हाइसरॉयने जुन्या गोव्यात सेंट झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड संताच्या हाती सोपवला.

गोवा पडायचंच बाकी होतं. तेवढ्यात औरंगजेबाचा मुलगा शाहआलम प्रचंड फौज घेऊन आमच्याच बाजूने आला. बैलहोंगलजवळच्या संपगावावरून येऊन बेळगावच्या पश्चिमेचा रामघाट उतरून तो कोकणात शिरला, म्हणून राजांना जानेवारी १६८४ मध्ये गोव्याची मोहीम आवरती घ्यावी लागली. पण शाहआलमच्या हातीही काही लागलं नाही. मराठ्यांनी रसद तोडली, पोर्तुगीजांशी त्याचं बिनसलं, धान्य संपलं. मग आली रोगराई. घोडे, उंट, माणसं पटापट मेली आणि उरलेली फौज त्याच रामघाटाने कशीबशी वर चढली. पुढे विजापूर संपल्यावर बेळगावही मुघलांकडे गेलं आणि त्याचं आझमनगर झालं. शहरात त्या नावाची वसाहत आजही आहे.

संगमेश्वरची कैद आणि ११ मार्च १६८९ चा शेवट सीमाभागातल्या पोरांना तोंडपाठ आहे. फाल्गुनात शंभूराजांच्या स्मरणार्थ बलिदान मास पाळणारी, शिवजयंतीच्या चित्ररथावर तो प्रसंग उभा करणारी ही पोरं. त्यांना मरणाचं धैर्य नव्याने सांगायची गरज नव्हती. तलवार न उपसता, नुसतं धान्य अडवून बादशहाच्या मुलाला घाटावर परत पाठवणारा राजा त्यांना पडद्यावर दिसायला हवा होता.