शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खुशीत आहे?

कुत्र्यांना मोकळं सोडण्याच्या बागेत हे वाक्य हमखास ऐकू येतं: "घाबरू नका, शेपूट हलवतोय, काही करणार नाही." हा समज चुकीचा आहे. त्याच्या भरवशावर लहान मुलांना पुढे केलं जातं, याची मला फार काळजी वाटते.

कुत्रा उत्तेजित झाला की शेपूट हलतं. ती उत्तेजना आनंदाची असेल, तशीच भीतीची किंवा रागाचीही. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की मालक दिसल्यावर शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकतं, अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. बागेच्या गडबडीत हा फरक टिपणं कठीणच, म्हणून सगळं अंग पाहा. कंबरेसकट डोलणारं सैल शेपूट बहुधा मैत्रीचं. पण शेपूट ताठ उभं, नुसतं टोक थरथरतंय, अंग आखडलेलं, तोंड घट्ट मिटलेलं, नजर रोखलेली, असं दिसलं तर आपल्या कुत्र्याला शांतपणे हाक मारून लांब न्या. झुंज लागलीच तर मध्ये हात घालू नका. सोडवणाऱ्यालाच अनेकदा चावा बसतो.

आखूड किंवा छाटलेल्या शेपटीच्या कुत्र्यांकडे ही खूण जवळपास नसतेच. त्यांचे कान आणि चेहराच पाहावा लागतो.