हळद शरीरात जाऊन नेमकं कोणाला धरते?

नागपूरच्या इतवारी बाजारात वायगावची हळद मागितली की दुकानदार हळकुंड मोडून दाखवतो, आतून गडद केशरी, आणि बोटाला लागलेला रंग साबणानेही लवकर जात नाही. घरी आजीचं ठरलेलं असतं, "गुडघ्याले लाव, सूज उतरते." हा रंग म्हणजे कर्क्युमिन, हळदीतून तो १८१५ सालीच वेगळा काढला गेला, पण तो शरीरात जाऊन नेमकं कोणाला धरतो हे विचारलं की गाडी अडते. मला तर औषधी वनस्पतींबद्दलचा खरा प्रश्न हाच वाटतो. अमुक झाडात तमुक घटक सापडला, एवढं कळणं म्हणजे पाहुणा गावात उतरला इतकंच कळणं, तो कोणाच्या घरी गेला ते कळायला पाहिजे ना.

आणि गाव काही लहान नाही, माणसाकडे प्रोटीन बनवणारे जीन्सच २० हजारांच्या आसपास आहेत. एकेका प्रोटीनचं दार वाजवत बसलं तर आयुष्य जाईल, म्हणून सगळ्यांना एकदम तपासायचं, याला म्हणतात प्रोटिओमिक्स.

त्यातली एक पद्धत मला फार आवडते, मे महिन्यात नागपुरात राहिलेल्या माणसाला ती लगेच कळेल. अंडं उकळताना बघा, आतला पातळ पारदर्शक भाग पांढरा होत घट्ट होतो, म्हणजे उष्णतेने प्रोटीनची घडी उसवते आणि त्याच्या गुठळ्या होतात. प्रत्येक प्रोटीनचं हे तापमान वेगळं असतं. पण त्याला एखादा रेणू घट्ट चिकटून बसला असेल तर बरेचदा ते जास्त उष्णता सहन करतं, उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून निघालेल्या माणसासारखं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या टीमने २०१३ मध्ये यावरून पेशींमधली चाचणी बनवली, आणि पुढच्याच वर्षी तिला मास स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनची जोड देऊन एका झटक्यात हजारो प्रोटीन तपासता यायला लागले.

करतात असं, की पेशींचे दोन भाग करायचे, एकात वनस्पतीचा घटक टाकायचा, दुसऱ्यात नाही, मग दोन्ही छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ३७ अंशांपासून साधारण ६७ अंशांपर्यंत वेगवेगळ्या तापमानाला तापवायचे. गुठळ्या झालेलं प्रोटीन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवायचं आणि वर विरघळलेलं जे उरलं ते घ्यायचं. त्याचे ट्रिप्सिनने तुकडे करतात, हेच एन्झाइम आपल्या आतड्यातही जेवण पचवतं. मग मशीन त्या तुकड्यांचं वजन मोजते आणि कॉम्प्युटर सांगतो की हा तुकडा कोणत्या प्रोटीनचा. घटक टाकलेल्या भागात जे प्रोटीन जास्त तापमानापर्यंत टिकलं, पाहुणा तिथे गेला असण्याची शक्यता मोठी. घटक चिकटला तरी सगळेच प्रोटीन असे टिकत नाहीत, आणि मिळालेलं नावही दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासावंच लागतं.

पाहुणा एकाच घरी जातो असंही नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका चिनी वनस्पतीतून आलं, त्यासाठी तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी दुसऱ्या एका टीमने त्या रेणूला जणू गळाची दोरी बांधून मलेरियाच्या परजीवीतून ओढून काढलं तर त्याला १२४ प्रोटीन चिकटलेले निघाले! कुलूप आणि किल्ली असं शाळेत शिकलेलं चित्र इथे लागूच पडत नाही, हे औषध एकदम अख्ख्या मोहल्ल्यात शिरतं.

कर्क्युमिनच्या बाबतीत मात्र मी जपून बोलेन. ते स्वतःच रंगीत आणि चमकणारं, त्यामुळे रंग किंवा चमक बघून निकाल देणाऱ्या चाचण्या फसतात, वर ते भलत्याच प्रोटीनलाही चिकटतं, २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी यावर सविस्तर इशारा दिला होता. वजन मोजणाऱ्या मशीनला रंगाशी देणंघेणं नाही, म्हणून मला या पद्धतीकडून आशा आहे. पण प्रयोगशाळेत पेशींवर कर्क्युमिन थेट ओततात, आणि आजीच्या हळद-दुधातलं फारच थोडं रक्तात पोचतं, तेही शरीर पटकन बदलून टाकतं. म्हणजे बशीतल्या पेशींमध्ये सापडलेलं प्रोटीन तिच्या गुडघ्यात कर्क्युमिनला भेटतं तरी का, हे वेगळं शोधावं लागतं.