न शिकल्याची चूक आणि शिकल्याची चूक

काल घडलेलं सांगताना एक मूल म्हणतं ‘आय गो’. दुसरं म्हणतं ‘आय गोड’, म्हणजे ‘गो’ला सरळ ‘एड’ जोडून टाकतं. दोघांच्या वाक्यांवर लाल फुली पडते आणि मोठी माणसं दोघांचं एकच निदान करतात: ‘याला भूतकाळ येत नाही.’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. भूतकाळ पहिल्याला येत नाही. दुसऱ्याला येतो, त्याला फक्त ‘वेन्ट’ वेळेवर आठवला नाही.

उच्चाराच्या चुका यात धरू नका. ‘रॅबिट’चं ‘वॅबिट’ होतं ते जीभ वळत नाही म्हणून, त्या चुकीचा व्याकरणाशी संबंध नाही.

खरी फसगत पुढे आहे. ‘आधी नीट वेन्ट म्हणायचा हो, आता बिघडला!’ या ‘बिघडला’ची मला मनापासून चीड येते. आधीचा ‘वेन्ट’ हा सुटा, ऐकून उचललेला शब्द होता. त्यात नियम असा नव्हताच. मग ‘प्लेड’, ‘वॉक्ट’, ‘जम्प्ट’ कानावर पडत राहिले आणि शेवटचा ‘ड’ किंवा ‘ट’ म्हणजे ‘होऊन गेलं’ हे मुलाने आपलं आपण हेरलं. हाती आलेला नियम ते ‘गो’लाही लावतं. आपल्याकडची मुलं ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात, तेव्हा हेच चाललेलं असतं. ‘करलं’ त्यांना कुणी शिकवलेलं नसतं आणि मोठ्यांच्या तोंडून ऐकूही आलेलं नसतं. म्हणजे ही नक्कल नव्हेच.

नियम खरंच डोक्यात असतो का, हे मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को यांनी १९५८ साली दाखवून दिलं. एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं नाव ‘वग’ सांगायचं, मग तसे दोन दाखवून विचारायचं, आता हे काय? लहान मुलं ‘वग्ज’ म्हणाली. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. त्यातही शेवटी ‘कॅट्स’मधला ‘स’ न येता ‘डॉग्ज’मधला ‘ज’ आला, हे मला फार मोलाचं वाटतं. हा भेद मुलांना कुणी समजावून सांगत नाही.

आणि ‘बिघडलेलं’ मूल बहुतेक वेळा ‘वेन्ट’च म्हणत असतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या बोलण्याचा मोठा अभ्यास गॅरी मार्कस, स्टीव्हन पिंकर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडला. अनियमित, म्हणजे ‘गो-वेन्ट’सारख्या ‘एड’ न घेणाऱ्या क्रियापदांच्या भूतकाळात अशा चुकांचं मध्यक प्रमाण (सगळी प्रमाणं क्रमाने लावली की मधोमध येणारं) त्यांना जेमतेम २.५ टक्के आढळलं. मोठ्यांच्या तोंडी सतत येणाऱ्या क्रियापदांत ही चूक कमी होते, कारण पुन्हा पुन्हा ऐकलेलं रूप पटकन आठवतं आणि नियमाला आड येतं. मोठ्यांच्या कानाला मात्र ते एक ‘गोड’च खटकतं.

म्हणून उपायही वेगळे. ‘आय गो’वाल्याला आधी भरपूर साधी ‘एड’वाली क्रियापदं ऐकू द्या, अनियमित रूपांचा तक्ता त्याच्यापुढे धरणं मला अन्यायच वाटतो. ‘गोड’वाल्यालाही तक्ता नकोच. ‘यस, यू वेन्ट!’ म्हणा आणि गप्पा पुढे न्या. अडवून तेच वाक्य तीनदा म्हणून घेतलंत, तर त्याला जे सांगायचं होतं ते राहूनच जाईल.

शिवाय ज्या ‘वेन्ट’साठी एवढा आग्रह, तो मुळात ‘गो’चा नव्हेच, ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. जुन्या इंग्रजीत ‘बुक’चं अनेकवचनही आतला स्वर बदलून होत असे, ‘फूट’चं ‘फीट’ होतं तसं. पुढे लोकांनी त्याला सरळ ‘स’ जोडला. आज ‘फूट्स’ म्हणणारं मूल तेच करतंय.