दृक्प्रत्यय

गणिताने काढलेले ग्रहाचे स्थान आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारे स्थान यांचा मेळ बसणे. भारतीय ज्योतिषशास्त्रात ही कसोटी जुनी आहे. तिच्याविषयी स्वच्छ शब्दांत विचार मांडणाऱ्यांत कोकणातील नांदगावचे (नंदिग्राम) केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचा मान मोठा आहे.

मध्ययुगात ग्रहगणिताचे सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष, म्हणजे गणिताच्या परंपरा, रूढ होत्या. प्रत्येकाची ग्रहगती थोडी वेगळी. वर्षाला एका कलेची चूक क्षुल्लक वाटते, पण 60 वर्षांत ती पूर्ण अंशाची होते. शतके उलटली की तिन्ही पक्षांची उत्तरे एकमेकांपासून आणि आकाशापासूनही दूर जातात. अशा वेळी आपापल्या पक्षाला चिकटून राहण्याकडे बहुतेकांचा कल असे.

केशवांनी वेध घेतले. ‘ग्रहकौतुक’ (शके 1418, इ. स. 1496) या आपल्याच ग्रंथावरील टीकेत त्यांनी अनुभव नोंदवला आहे : बुध आणि शुक्र यांच्या बाबतीत पक्षापक्षांत मोठे अंतर पडते, आणि शनी नक्षत्रांशी युती होताना, उगवता-मावळताना पाच अंश पुढे दिसतो. मध्यम चंद्र (सरासरी गतीने येणारे चंद्राचे स्थान) त्यांनी चंद्रग्रहणावरून उलट गणित करून काढला. ग्रहणाची वेळ डोळ्यांना दिसते, तिच्याबद्दल वाद घालता येत नाही, म्हणून ही निवड अचूक होती. पुढे ते सांगतात की काळ जाईल तसे अंतर वाढतच जाणार. तेव्हा भावी गणकांनी युती, उदय, अस्त पाहून त्या त्या काळी गणित दुरुस्त करावे.

गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ (शके 1442, इ. स. 1520) या करणग्रंथात (सोप्या रीतींनी ग्रहगणित करून देणाऱ्या ग्रंथात) हा विचार प्रत्यक्षात उतरला. प्रत्येक ग्रहासाठी त्यांनी आकाशाशी जुळेल तो पक्ष निवडला. रवी आणि चंद्रोच्च (चंद्रकक्षेतील पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू) सौरपक्षाचे. चंद्र सौरपक्षाचाच, पण 9 कला कमी. गुरू, मंगळ व राहू आर्यपक्षाचे. बुधाचे केंद्र (ग्रहाची सूर्यसापेक्ष मध्यम स्थिती दाखवणारा कोन) ब्राह्मपक्षाचे. शुक्राचे केंद्र ब्राह्म व आर्य यांच्या मधले. शनी आर्यपक्षाचा, त्यात 5 अंश मिळवून. असे घेतले की ग्रह दृक्तुल्य, म्हणजे आकाशात दिसतात तसे, होतात, एवढेच कारण ते देतात. शनीचे 5 अंश वडिलांच्या निरीक्षणाशी जुळतात. चंद्राच्या 9 कला म्हणजे पूर्णबिंबाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित कमी. पण तेवढ्याने तिथीचा शेवट सुमारे पाऊण घटिका, म्हणजे 18 मिनिटे, पुढे सरकतो. ग्रहण पाहणाऱ्याला हा फरक सहज कळतो. तिन्ही पक्षांना समान न्याय लावून प्रत्येकातून खरे ठरेल तेवढेच उचलणे हे त्या काळी मोठ्या धैर्याचे काम होते.

ग्रंथ लोकप्रिय झाला तो मात्र सोपेपणामुळे. ‘ज्या’ (साइन) या त्रिकोणमितीय राशीच्या कोष्टकांची गरज त्यात उरली नाही, आणि 11 वर्षांचे (4016 दिवसांचे) चक्र धरल्याने अहर्गणाचा (आरंभापासून लोटलेल्या दिवसांचा) आकडा लहान राहिला. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकाच्या उत्तर भागात पंचांगे त्यावरून होऊ लागली.

गणेशांनी ‘तिथिचिंतामणी’ या आपल्या दुसऱ्या ग्रंथाच्या शेवटी पूर्वीच्या सिद्धांतांची परंपरा सांगितली आहे. प्रत्येक सिद्धांत आपल्या काळी आकाशाशी जुळत होता, पुढे शिथिल झाला आणि नव्या आचार्याने तो सुधारला. या मालिकेत ते वडिलांना आणि स्वतःलाही बसवतात : माझेही गणित दीर्घकाळाने ढिले पडले, तर ग्रहणे आणि नक्षत्रयोग पुन्हा पाहून, उपपत्तीसह ते दुरुस्त करावे. स्वतःचा ग्रंथ कालबाह्य होईल हे मान्य करून दुरुस्तीची रीतही त्यातच लिहून ठेवणे, ही या परंपरेची सर्वांत मोलाची गोष्ट होय.

प्रत्यक्षात पंचांगकर्त्यांनी ग्रंथ जपला, ही सूचना मागे पडली. तीनशेहून अधिक वर्षे तेच अंक चालत राहिले. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून युरोपीय वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले. त्यातून पटवर्धनी पंचांग निघाले. परंपरा मोडल्याचा आक्षेप अशा सुधारणांवर घेतला गेला. केशवांचा मूळ उतारा मात्र नेमके हेच करायला सांगतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ (1896) या ग्रंथात तो मराठी वाचकांपुढे ठेवला आहे.