एआयच्या मदतीने लिहिलेला पॅच लिनक्स कर्नलला पाठवायचा आहे? लेबल कुठे, सही कुणाची

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, एआयकडून लिहून घेतलेला कोड चालतो का? चालतो, पण तो तसा आहे हे सांगावं लागतं, आणि खाली सही माणसाचीच लागते.

पदवी, नोकरी, संस्थेचं शिफारसपत्र यातलं काहीही लागत नाही. निनावी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मात्र घेत नाहीत. कोड जीपीएल आवृत्ती २ या मुक्त सॉफ्टवेअर परवान्यात बसणारा हवा, आणि नवी फाईल असेल तर तिच्या सुरुवातीला परवान्याचं नाव ठराविक पद्धतीने सांगणारी एसपीडीएक्स ओळ हवी.

कागदपत्र म्हणाल तर एकच: ‘डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’. एससीओ कंपनीच्या दाव्यांमुळे कर्नलमधला कोड आला कुठून हा प्रश्न कोर्टात गेला, त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत आली. वेगळा फॉर्म भरायचा नसतो. कमिट संदेशाच्या, म्हणजे बदलासोबतच्या टिपणाच्या, शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून पुढे आपलं नाव आणि ईमेल दिला, की हा कोड देण्याचा मला हक्क आहे अशी हमी तुम्ही दिलीत. ही ओळ एआयच्या नावाने टाकायला, किंवा एआयने स्वतःहून टाकायला, साफ मनाई आहे. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. उद्या परवान्याचा वाद झाला तर मॉडेल काही जबाब द्यायला येणार नाही. म्हणून सही करण्याआधी ओळ न् ओळ स्वतः वाचा. जी समजली नाही ती पाठवू नका.

लेबल म्हणजे ‘असिस्टेड-बाय’ ही ओळ. त्यात साधनाचं नाव, मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, मग मॉडेलची आवृत्ती. कॉक्सिनेल, स्पार्ससारखी खास तपासणीची साधनं वापरली असतील तर तीही पुढे लिहा. गिट, जीसीसी, एडिटर या रोजच्या साधनांची नोंद नको. प्रत्यक्ष पॅचमध्ये हे सगळं रोमन लिपीत लिहायचं.

हेच लेबल घेऊन दुसऱ्या प्रकल्पाकडे जाऊ नका, तिथले नियम आधी पाहा. फेडोरा या लिनक्स वितरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एआयची मदत जाहीर करण्याच्या अटीवर परवानगी दिली. जेंटू या दुसऱ्या वितरणाने मात्र एप्रिल २०२४ मध्येच असं योगदान बंद केलं, आणि नेटबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तिच्या कोअर टीमची आगाऊ लेखी मंजुरी लागते.

पॅच तयार झाला की ‘चेकपॅच’ ही तपासणीची स्क्रिप्ट चालवा, ‘गेट-मेंटेनर’ने कुणाला पाठवायचा ते शोधा आणि ‘गिट सेंड-ईमेल’ने साध्या मजकुरात पाठवा. शंका आल्या तर उत्तरं तुम्हीच द्यायची. दुरुस्ती करून पुन्हा पाठवताना विषयात ‘व्ही२’ (दुसरी आवृत्ती) लिहा, आणि लेबल तसंच राहू द्या.